मागच्या फळीतला माणूस

मराठी शिकवणाऱ्या माणसानं ऐन दिवाळी अंकात फुटबॉलवर लिहायला घ्यावं, हे पाहून या सदराच्या जुन्या वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. गेल्या दिवाळीत याच पानावर मी 'च' या एकाक्षरी अव्ययाचं पुराण लावलं होतं. ते निदान माझ्या पोटापाण्याच्या विषयातलं होतं. आता हा गृहस्थ मैदानात कशाला उतरला? तर वाचकहो, मी मैदानात उतरलेलो नाही. मी अजून व्याकरणातच आहे.

व्याकरणात आम्ही मुलांना वाक्याचे दोन प्रकार शिकवतो. एक होकारार्थी आणि दुसरं नकारार्थी. 'पूल कोसळला' हे पहिलं, 'पूल कोसळला नाही' हे दुसरं. परीक्षेत दोघांनाही सारखेच गुण. जगात मात्र तसं नाही. पूल कोसळला की वर्तमानपत्रात आठ कॉलमी मथळा झळकतो. पूल कोसळला नाही, तर कोणी एक ओळसुद्धा छापत नाही. त्या पुलाचे नटबोल्ट रात्री बत्ती घेऊन तपासणारा जो कोणी असेल, त्याचं अख्खं आयुष्य नकारार्थी वाक्यात जातं.

फुटबॉलची तऱ्हा हीच. गोल करतो तो आघाडीचा गडी. त्याचं नाव फलकावर येतं, त्याला मिठ्या मारल्या जातात. मागच्या फळीतल्या बॅकचं काम असं, की काहीतरी होऊ द्यायचं नाही. तो ते काम जितकं चांगलं करील, तितकं सांगण्यासारखं कमी उरतं. आमच्या कॉलेजच्या वसतिगृहातली पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत इंग्लंडातले सामने मोबाईलवर बघतात. सकाळी पहिल्या तासाला डोळे लाल करून येतात आणि गोल करणाऱ्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवतात. त्यांतल्या एकाला मी विचारलं, "अडवणाऱ्यांत सगळ्यांत चांगला कोण रे?" तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "सर, ते लक्षात नाही राहत."

तर आज अशाच एका लक्षात न राहणाऱ्या धंद्यातल्या, पण सबंध देशाच्या लक्षात राहिलेल्या माणसाबद्दल लिहायचं आहे. नाव पॉल मॅकग्रा. देश आयर्लंड.

पॉलचा जन्म ४ डिसेंबर १९५९चा, लंडनच्या पश्चिम भागातला. पण तो लंडनचा नव्हे. त्याची आई बेटी मॅकग्रा ही डब्लिनची पोर. लग्न झालेलं नाही, दिवस गेलेले, मुलाचा बाप नायजेरियाचा आणि तो मुलाच्या जन्माआधीच नाहीसा झालेला. घरी बापाला कळलं तर काय होईल, या भीतीनं ती समुद्र ओलांडून लंडनला आली. तिथं बाळंत झाली. बाळ चार आठवड्यांचं झालं, तेव्हा तिनं ते दुसऱ्यांच्या हाती सोपवलं.

त्या आईला बोल लावायला आपली जीभ चटकन उचलते. पण त्या काळचं आयर्लंड कसं होतं हे आधी पाहावं. कुमारी मातांना तिथं खास आश्रमांत लपवून ठेवीत. या आश्रमांची सरकारी चौकशी होऊन तिचा अहवाल २०२१च्या जानेवारीत बाहेर आला. १९२२ ते १९९८ या काळात अशा अठरा संस्थांतून सुमारे नऊ हजार मुलं दगावली, असं त्यात नमूद आहे. पंतप्रधान मायकेल मार्टिन यांनी त्याबद्दल संसदेत उभं राहून देशाच्या वतीनं माफी मागितली. बेटी मॅकग्रा पळाली ती या हवेतून. आपल्याकडे अशी हवा कधी नव्हतीच, असं म्हणण्याचं धाडस माझ्यात नाही. ज्योतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं, ते काही हौसेनं नव्हे.

पॉल वाढला तो डब्लिनजवळच्या अनाथाश्रमांतून. साठ सालानंतरचं डब्लिन म्हणजे सगळी गोरी वस्ती. त्यात हे काळं पोर. रस्त्यात हाका ऐकायची त्याला सवय झाली. मुलगा बोलायला बुजरा, मान खाली घालून चालणारा. पण पायात चेंडू आला की मान वर. शाळा सुटल्यावर पत्र्याच्या कामावर उमेदवारी केली, पहारेकऱ्याची नोकरी केली आणि उरल्या वेळात लहानसहान संघांतून खेळला. त्याच कोवळ्या वयात एकदा मन असं खचलं, की रुग्णालयात राहावं लागलं. तिथून उठून तो पुन्हा मैदानावर आला. १९८१ साली डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिक या क्लबनं त्याला घेतलं. क्लबचं मैदान इंचिकोर भागातलं. तिथल्या लोकांनी त्याला 'इंचिकोरचं काळं मोती' म्हणायला सुरुवात केली. लहानपणी ज्या रंगावरून हाका मारल्या, त्याच रंगावरून आता लाडाचं नाव पडलं. माणसाच्या जातीला तोंडं दोन असतात, ती अशी.

डब्लिनमध्ये बिली बेहन नावाचे एक जुने जाणते गृहस्थ होते. मँचेस्टर युनायटेडसाठी आयरिश पोरं हेरणं हे त्यांचं काम. त्यांनी पॉलला हेरलं. १९८२ साली तीस हजार पौंडांना सौदा झाला आणि बावीस वर्षांचा पॉल मँचेस्टरला गेला. १९८५ साली वेम्बलीवर एफ. ए. कपाचा अंतिम सामना झाला. समोर एव्हर्टन, त्या वर्षीचा लीगविजेता. सामना रंगात असताना युनायटेडचा दुसरा आयरिश बॅक केव्हिन मोरान याला पंचांनी बाहेर काढलं. या कपाच्या अंतिम सामन्यात असं घडण्याची ती पहिलीच वेळ. उरलेल्या दहांनी गोल होऊ दिला नाही. जादा वेळेत नॉर्मन व्हाइटसाइड या पोरानं एक गोल मारला आणि कप युनायटेडला मिळाला. गोल व्हाइटसाइडचा, तो सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मागच्या फळीत उरलेल्या मॅकग्रानं काय केलं, हे सांगायचं तर पुन्हा आपलं नकारार्थी वाक्यच वापरावं लागतं.

इथवर ही गोष्ट शाळेच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगी आहे. अनाथ मुलगा, चिकाटी, यश, तात्पर्य. पण पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकात मावत नाही.

एक म्हणजे गुडघे. कारकीर्दीत त्याच्या गुडघ्यांवर आठ शस्त्रक्रिया झाल्या. दुसरी म्हणजे दारू.

दारू म्हटलं की मराठीच्या मास्तराला 'एकच प्याला' आठवणारच. गडकऱ्यांचा सुधाकर पितो तो अपमानानं. भर कोर्टात मान दुखावला, म्हणून पेला तोंडाला लावतो. वकील माणूस, प्यायल्यावरही भाषणं ठोकतो. आमच्या वर्गात दर वर्षी दोन-चार पोरं त्या भाषणांच्या प्रेमात पडतात आणि दारू ही एक भव्य शोकांतिका आहे, अशी समजूत करून घेतात. मॅकग्राच्या पिण्यात भव्य काही नव्हतं. तो पीत असे संकोचापायी. चारचौघांत शब्द फुटत नाही, दोन पेले पोटात गेले की फुटतो, इतकी साधी सुरुवात. मग पेल्याला पेला लागत गेला. हा माणूस प्यायल्यावर भाषणं करीत नसे. तो नाहीसा होत असे. सामन्याच्या आदल्या दिवशी शोधाशोध व्हायची आणि तो भलत्याच गावी सापडायचा. घरी बायकोमुलं वाट बघत. संसार मोडले. एकदा जीव देण्याचाही प्रयत्न झाला. सिंधूचे हाल गडकऱ्यांनी पाच अंकांत दाखवले. इथं ते चार भिंतींत झाले.

१९८६च्या अखेरीस युनायटेडला ॲलेक्स फर्ग्युसन हे नवे मॅनेजर आले. शिस्तीचे कडक. दुखरे गुडघे आणि ही सवय पाहून क्लबनं पॉलपुढे प्रस्ताव ठेवला, की एक लाख पौंड घ्या आणि खेळणं थांबवा. वय तिशीच्या आतलं. त्यानं नाही म्हटलं. १९८९ साली बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला या क्लबनं त्याला विकत घेतलं. जाणते लोक म्हणाले, व्हिलानं भंगार उचललं.

त्या भंगारानं पुढची सात वर्षं काय केलं, ते पाहण्याजोगं आहे. पहिल्याच हंगामात व्हिला लीगमध्ये दुसरा आला. १९९२-९३ साली प्रीमियर लीग नव्यानं सुरू झाली, त्याही वर्षी व्हिला दुसरा. त्याच १९९३ साली इंग्लंडातल्या व्यावसायिक खेळाडूंनी आपापसांत मतं देऊन वर्षाचा उत्तम खेळाडू निवडला, तो तेहतीस वर्षांचा पॉल मॅकग्रा. हे मत प्रेक्षकांचं नव्हे, वर्तमानपत्रवाल्यांचं नव्हे. ज्यांना तो दर शनिवारी अडवीत होता, त्यांचं. १९९४ साली व्हिलानं लीग कपाच्या अंतिम सामन्यात युनायटेडलाच ३-१ असं हरवलं. १९९६ साली लीड्सला हरवून तो कप पुन्हा घेतला. व्हिलाचे प्रेक्षक त्याला देव म्हणत.

आणि हा देव आठवडाभर सराव करीत नसे. सराव केला तर शनिवारी गुडघा चालणार नाही, अशी स्थिती. क्लबचे फिजिओ जिम वॉकर यांनी त्याचं गणित बसवलं. इतर सगळे मैदानावर धावत असताना याला खोलीत सायकलचे पायडल मारायला लावायचं, गुडघे शेकायचे आणि शनिवारी मैदानात सोडायचं. धावायला पाय नाहीत, मग अडवायचा कसा? तर चेंडू कुठं येणार हे त्याला आधी कळे. समोरचा गडी धावत येईपर्यंत हा तिथं उभा असे. आपल्याकडे जुने पखवाजी सम कुठं येणार हे ओळखून मान आधीच हलवतात ना, तसं.

वॉकर यांचं काम गुडघ्यांपाशी थांबत नव्हतं. माणूस कुठं आहे, घरी पोचला का, उद्या उठेल का, हेही ते बघत. आयर्लंडच्या संघात हेच काम मॅनेजर जॅक चार्लटन यांनी केलं. चार्लटन हे इंग्रज, १९६६ साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघातले आणि स्वतः मागच्या फळीतले. बोलायला फटकळ. पण या एका गड्याशी त्यांची जीभ मऊ होई. पॉल पिऊन आला, की बाहेर सांगायचं, 'गुडघा दुखतोय.' सगळा संघ ही थाप एकसुरात मारी. वर्तमानपत्रवाल्यांनाही थाप कळे आणि तेही 'गुडघा' असंच छापीत.

या चार्लटनच्या संघानं आयर्लंडला काय दिलं? १९८८ साली युरोपच्या स्पर्धेत श्टुटगार्टला त्यांनी इंग्लंडला १-०नं हरवलं. ज्यांनी शतकानुशतकं राज्य केलं, त्यांना हरवणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. १९९० साली इटलीत आयर्लंड पहिल्यांदाच विश्वचषकात खेळलं. पाच सामन्यांत गोल केले फक्त दोन, खाल्ले तीन. रूमेनियाला हरवलं तेही पेनल्टींवर. एवढ्या भांडवलावर संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि रोममध्ये इटलीकडून एका गोलानं हरला. जमाखर्च पाहिला तर ही सगळी न होऊ दिलेल्या गोलांची कमाई. त्या संघात पॉल मागच्या फळीऐवजी तिच्या पुढ्यात, मधल्या फळीत खेळला, काम तेच.

१ जुलै १९९० रोजी संघ डब्लिनला परतला. योगायोग असा, की नेल्सन मंडेला त्याच दिवशी डब्लिनला आले होते. शहरानं त्यांना दिलेलं मानाचं नागरिकत्व स्वीकारण्यासाठी. सत्तावीस वर्षांच्या तुरुंगवासातून सुटून त्यांना पाचच महिने झाले होते. रस्त्यावर लोटलेल्या गर्दीनं फुटबॉलच्या आरोळ्यांत त्यांनाही ओढलं आणि पॉल मॅकग्राचा बाप म्हणून त्यांच्या नावाचा गजर केला, असं डब्लिनकर अजून सांगतात.

विनोद म्हणून हा किस्सा हसण्यासारखा आहेच. पण माझ्यातला मास्तर तिथं जरा रेंगाळतो. ज्या शहरात या पोराला बाप नाही म्हणून लपवावं लागलं, रंगावरून हाका खाव्या लागल्या, त्याच शहरानं तीस वर्षांनी त्याला बाप बहाल केला, आणि तोही केवढा! गर्दीला आपण काय करतो आहोत, याचा पत्ता नसेल. गर्दीला तो कधीच नसतो.

१८ जून १९९४. अमेरिकेत न्यू जर्सीचं जायंट्स स्टेडियम. पुन्हा विश्वचषक, पुन्हा इटली. पाऊण लाख प्रेक्षक आणि जिवाची काहिली करणारं ऊन. मॅकग्रा चौतिशीत, गुडघे तर गेलेलेच, त्यात खांदा असा धरलेला की डावा हात धड वर होत नव्हता. अकराव्या मिनिटाला रे हॉटननं गोल मारला. मग उरलेला सबंध वेळ इटलीच्या लाटा येत राहिल्या. त्यांच्याकडे रॉबर्टो बाज्जो, त्या वेळचा जगातला सगळ्यांत देखणा खेळणारा. मॅकग्रा कधी डोक्यानं, कधी पायानं, कधी नुसता आडवा येऊन अडवीत राहिला. एकदा लागोपाठ आडवा आला आणि शेवटचा फटका तोंडावर घेतला. पुन्हा उठून उभा. सामना १-० असाच संपला.

त्याच स्पर्धेत बाज्जोनं पाच गोल केले. इटलीला अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि तिथं त्याची पेनल्टी गोलावरून गेली. त्या चुकलेल्या पेनल्टीवर जगभर अजून लिहिलं जातं. पण मॅकग्रापुढे त्याला गोल जमला नाही, हे आयर्लंडबाहेर फारसं कोणी लिहीत नाही. आयर्लंडमध्ये मात्र त्या दिवसाची ती आठवण हॉटनच्या गोलाच्या बरोबरीनं जपली जाते. नकारार्थी वाक्याला मथळा मिळाल्याचं एवढं एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

देशासाठी त्र्याऐंशी सामने खेळून १९९८ साली पॉलनं खेळ सोडला. २००६ साली आत्मकथा आली, 'बॅक फ्रॉम द ब्रिंक'. 'काठावरून माघारी' असं आपण म्हणू. आत्मकथा शिकवण्यात माझी वीसेक वर्षं गेली. माणूस कबुली देतो तेव्हाही आरशात बघून केस सारखे करतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. या पुस्तकात तसं नाही. पिणं हे दुःखाचं कारण म्हणून मांडलेलं नाही, की दुःखाची भरपाई म्हणून नाही. आणि काठावरून एकदा परत आलो म्हणजे काठ संपला, असाही आव नाही.

आता जी गोष्ट मला टोचते, तिच्याकडे येतो. 'गुडघा दुखतोय' ही थाप प्रेमाची होती, यात शंका नाही. चार्लटन आणि वॉकर यांच्यासारखी माणसं पाठीशी नसती, तर हा गडी तिशीतच संपला असता. पण त्याच थापेनं एका आजारी माणसाला शनिवारपुरता बरा ठरवला, हेही खरं. ज्यांना सामना जिंकायचा होता, त्यांना त्याचा गुडघा दिसत होता. बाकीचा माणूस दिसला नाही तरी त्यांचं काही अडत नव्हतं. आणि दुसरं असं. त्याच अनाथाश्रमांतून त्याच्याबरोबर आणखी मुलं बाहेर पडली असतील. त्यांच्याही मनात तोच काळोख आणि हातात तोच पेला आला असेल. पण ज्यांना चेंडू अडवता येत नव्हता, त्यांच्यासाठी 'गुडघा दुखतोय' असं कोण म्हणालं असेल? त्यांना लोकांनी सरळ दारुडे म्हटलं असणार. गुणवंताचं व्यसन आपण दुखणं म्हणून बघतो आणि गुण नसलेल्याचं दुखणं व्यसन म्हणून. हा हिशोब एकट्या आयर्लंडचा नाही. तुमच्या गल्लीच्या टोकाला बसलेल्या माणसाचं काय म्हणता, ते जरा आठवून पाहा.

दिवाळीच्या दिवसांत एवढं जड कशाला, असं वाटलं तर फराळाकडे वळा. ताटातली चकली मोडली नाही, अनारसा विरघळला नाही, तेलाची कढई पेटली नाही, फटाक्यानं पोराचा हात भाजला नाही. ही सगळी नकारार्थी वाक्यं कोणीतरी चार दिवस जागून, धावून रचलेली आहेत. ते माणूस बहुधा या क्षणी मागच्या खोलीत, भांडी आवरण्यात असेल. त्याला पुढे बोलवा, आपल्या शेजारी बसवा आणि पहिली करंजी त्याच्या हातात द्या. आणि गुडघे दुखताहेत का, तेही विचारा. पण खरं उत्तर येईपर्यंत थांबा.